प्रेशर कुकर : वाफेच्या दाबाखाली शिजणारे अन्न

चार्ल्स डार्विन हा निसर्गशास्त्रज्ञ १८३५ साली दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडीत असता त्याच्या सोबत्यांना एक विचित्र अनुभव आला. उंचावरील मुक्कामी पाणी खळखळ उकळत होते. पण रात्रभर विस्तवावर ठेवूनही बटाटे शिजेनात. भांडे नवे होते, तेव्हा त्या भांड्यालाच बटाटे शिजविण्याची इच्छा नाही, असा निष्कर्ष सोबत्यांनी काढला. डार्विनने मात्र खरे कारण ओळखले. दोष भांड्याचा नव्हता, तेथील विरळ हवेचा होता. ज्या नियमामुळे ते बटाटे कच्चे राहिले, त्याच नियमाचा उलट दिशेने उपयोग करून घेणारे उपकरण आज भारतातील असंख्य घरांत वापरले जाते. ते म्हणजे प्रेशर कुकर.

उकळणे आणि शिजणे

पाणी तापत जाते तसतसा त्याच्या वाफेचा दाब वाढतो. हा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला, म्हणजे पाण्याच्या अंतर्भागातही वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. यालाच आपण उकळणे म्हणतो. समुद्रसपाटीवर ही स्थिती १०० अंश सेल्सिअस तपमानाला येते. लडाखमधील लेह हे नगर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते.

पाणी एकदा उकळू लागले, की उघड्या भांड्याखाली आंच कितीही वाढविली तरी त्याचे तपमान वाढत नाही. जादा उष्णता केवळ पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, आणि हा खर्च लहान नसतो. १ ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी पुरतात. पण त्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात.

अन्न शिजते ते तपमानामुळे, पाण्याच्या खळखळाटामुळे नव्हे. डाळीच्या दाण्यातील पेशींना परस्परांशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते व आतील स्टार्च पाणी शोषून फुगते. म्हणून दाणा मऊ होतो. अशा क्रियांचा वेग, ढोबळ मानाने, तपमान १० अंशांनी वाढले की दुप्पट होतो. लेहमध्ये उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास फार वेळ का लागतो, हे यावरून ध्यानात येईल.

पापँचे यंत्र

हवेचा दाब कमी झाल्याने उत्कलनबिंदू खाली येतो, तर दाब वाढविल्याने तो वर गेला पाहिजे. हे तत्त्व देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने भांड्यात उतरविले. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक यंत्र मांडले. त्यात हाडेदेखील मऊ होत. १६८२ साली सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजविलेले भोजनही देण्यात आले. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्याला तरफेने दाबून धरलेली वजनाची झडप बसविली होती. आजच्या कुकरवरील शिट्टी ही तिचीच वंशज होय.

शिट्टी काय सांगते?

घरगुती कुकरमधील दाब बाहेरील दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका अधिक असतो. त्यामुळे समुद्रसपाटीवर आतील पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, आणि अन्न शिजण्याची क्रिया जवळजवळ चौपट वेगाने होते. लेहमध्येदेखील आतील तपमान सुमारे ११५ अंशांपर्यंत पोहोचते.

दाब या मर्यादेपर्यंत आला की वाफ शिट्टीचे वजन उचलते व बाहेर पडते. म्हणजे शिट्टी फक्त एवढेच सांगते, की आत पुरेसा दाब झाला आहे. अन्न किती वेळ शिजले हे ती सांगत नाही. आंच मोठी ठेवल्यास तीन शिट्ट्या अल्पावधीत होतील व डाळ कच्ची राहील. आंच बारीक ठेवल्यास पहिल्या शिट्टीनंतर बराच वेळ दुसरी होणारही नाही, तरी डाळ उत्तम शिजेल. म्हणून पहिली शिट्टी होताच आंच बारीक करावी आणि पुढील मिनिटे घड्याळावर मोजावी. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे वाया गेलेले इंधन.

दाबाचे सामर्थ्य

२० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून पडणारा जादा भार तीनशे किलोग्रॅमहून अधिक भरतो. झाकण बळाने का उघडू नये, याचे कारण हेच. दाब एकाएकी नाहीसा झाला, तर १०० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन अन्नासह बाहेर उसळतो आणि जवळच्या माणसास भाजून काढतो.

डाळ शिजविताना कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. कारण फेसाबरोबर वर आलेली साले वाफेच्या नळीत अडकतात. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून ती मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी. नळी बुजली किंवा आतील पाणी आटले, तरी आणखी एक संरक्षण असते. झाकणावरील सुरक्षा-झडपेत लवकर वितळणारा मिश्रधातू बसविलेला असतो. तपमान मर्यादेपलीकडे गेले की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. अशी झडप एकदा निकामी झाली, की त्याच कुकरासाठी बनविलेली नवी झडपच बसवावी. तेथे दुसरे काही ठोकून छिद्र बुजविणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय.

एक प्रयोग

सारख्या आकाराच्या दोन साध्या पातेल्यांत सारखे पाणी व सारखे बटाटे घ्यावेत. दोन्ही पाणी उकळल्यानंतर एकाखाली आंच मोठी ठेवावी, दुसऱ्याखाली उकळी जेमतेम टिकेल इतकी बारीक करावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्हींतील तपमान मोजावे. ते सारखेच आढळेल, आणि बटाटेही जवळजवळ एकाच वेळी शिजतील. शेवटी दोन्ही पातेल्यांतील उरलेले पाणी मोजावे. त्यांतील फरक हाच व्यर्थ जाळलेल्या इंधनाचा हिशेब होय.