ठाकर (कर्जत व खालापूर)

ठाकर किंवा ठाकूर ही महाराष्ट्रातील एक अनुसूचित जमात आहे. कोकण आणि देश यांना वेगळे करणाऱ्या सह्याद्रीच्या कड्याच्या दोन्ही अंगांना, मुख्यतः रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, अहिल्यानगर व पुणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत तिची वस्ती आहे. प्रस्तुत लेख रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील ठाकरांविषयी आहे. हा सरहद्दीचा मुलूख आहे: पूर्वेस घाटमाथा व पुणे जिल्हा, उत्तरेस ठाणे जिल्हा. माणसे घाटवाटांनी वर-खाली जात-येत राहिली. सरहद्दी मात्र महसूल, वन आणि आदिवासी विकास या खात्यांच्या कागदांवर ठरत गेल्या.

नाव व पोटभेद

जमातीचे ‘क-ठाकूर’ व ‘म-ठाकूर’ असे दोन प्रमुख पोटभेद आहेत. बोलीला ठाकरी म्हणतात. ती मराठीचीच एक बोली होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी व बाहुल्यांचे खेळ करणारा ठाकर समाज याच नावाने ओळखला जातो, मात्र त्याची परंपरा वेगळी आहे. ल. ना. चापेकर यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा इंग्रजी ग्रंथ या जमातीवरील महत्त्वाचा अभ्यास मानला जातो.

वस्ती

ठाकरांची वस्ती मूळ गावापासून दूर, डोंगराच्या सोंडेवर किंवा माचीवर असते. तिला ठाकूरवाडी किंवा ठाकरवाडी म्हणतात. या नावाच्या वाड्या इतक्या आहेत की केवळ नावावरून ठिकाण ओळखणे अवघड जाते. बोरघाटातील लोहमार्गावर, पळसदरीच्या पुढे, रेल्वेचे ठाकूरवाडी नावाचे एक तांत्रिक थांब्याचे ठिकाण आहे. कलावंतीण सुळक्याच्या पायथ्याची ठाकूरवाडी शेजारच्या पनवेल तालुक्यात येते.

पारंपरिक घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती व शेण लिंपतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते व फुलल्यानंतर वाळते. ती जंगलातूनच आणावी लागत असल्यामुळे घर बांधणे हाही वनखात्याशी संबंध येण्याचा एक प्रसंग ठरे.

शेती व वन

खाचरांत भात आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही मुख्य पिके होत. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी त्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण व माती यांचे थर पसरून पावसाळ्याआधी ते जाळतात. यास राब म्हणतात. तणांचे बी जळते आणि राख खत म्हणून उपयोगी पडते. वरवर साधी दिसणारी ही रीत एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा विषय झाली. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव वने आखली गेली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८५ साली मुंबई वन आयोग नेमला. कर्जत तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. (कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.)

डोंगरउतारावरील फिरत्या शेतीच्या तुकड्यांना या भागात दळी म्हणतात. वनहक्क कायदा, २००६ अन्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसल्या जाणाऱ्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबास हक्क सांगता येतो. दळी जमिनींचे दावेही त्यात मोडतात.

पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळे, पुढे करटोली, टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदे व जांभळे विकण्यास ठाकर स्त्रिया कर्जत, नेरळ, चौक येथील बाजारांत येतात.

जमातीची यादी व अनुसूचित क्षेत्र

१९५६च्या आदेशात ठाकरांना अनुसूचित जमात म्हणून मान्यता होती, परंतु ती ठरावीक तालुक्यांपुरती. कर्जत व खालापूर त्या यादीत होते. हे क्षेत्रबंधन १९७६च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाले. ‘ठाकूर’ हे आडनाव इतर जातींतही आढळते. त्यामुळे पुढे जातपडताळणी समित्या अर्जदाराच्या चालीरीती, दैवते व बोली तपासू लागल्या. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या अर्जदाराला या चाचणीचा जाच होणे स्वाभाविकच होते. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी, ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असा निकाल दिला.

क्षेत्राचा प्रश्न मात्र निराळा आहे. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांत रायगड जिल्ह्याचा समावेश नाही. शेजारच्या मुरबाड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील अनेक गावे मात्र त्यात आहेत. परिणामी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा त्या गावांना लागू होतो, कर्जत-खालापूरच्या वाड्यांना होत नाही. आदिवासी विकासाच्या योजना येथे पेण येथील प्रकल्प कार्यालयामार्फत चालतात.

इर्शाळवाडी

खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. तेथे वाहनाचा रस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ रोजी रात्री अतिवृष्टीत दरड कोसळून वाडीचा मोठा भाग गाडला गेला. बचाव पथकांना पावसात, चिखलातून पायी चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता न आल्याने ढिगारा बहुतांशी हातानेच उपसावा लागला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते व ५७ जण बेपत्ता होते. संभाव्य दरडग्रस्त ठिकाणांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. वाचलेल्या कुटुंबांची सोय आरंभी कंटेनरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत करण्यात आली. त्यानंतर सिडकोने पायथ्याशी, चौकच्या परिसरात, त्यांच्यासाठी ४४ घरांची वसाहत बांधली.