पत्ता कोणी दिला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रंथालयातल्या निम्म्या संगणकांवर पुस्तकांची सूची उघडेना. सूचीचा सर्व्हर चालू होता, तारा शाबूत होत्या. प्रबंधासाठी परगावाहून आलेली एक विद्यार्थिनी रिकाम्या हाताने परतली. मी मात्र दोन दिवस सर्व्हरच बंद-चालू करत बसलो. या संगणकांना पत्ता कोणी दिला, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. तो आपोआप देण्याची ‘डीएचसीपी’ ही नियमावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. रीत चार पावलांची आहे. नवा संगणक सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो, सर्व्हर होकार कळवतो. हा पत्ता भाडेपट्ट्याने मिळतो. साधारणपणे निम्मी मुदत सरली की संगणक नूतनीकरण मागतो.

म्हणून दोष शोधताना आधी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर हाकेला कोणी ओ दिलेली नाही. संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. मग पत्ते वाटणारी सेवा चालू आहे का, शिल्लक पत्ते संपले का, मधली तार सुटली का, हे तपासावे. पत्ता भलत्याच मालिकेतला असेल, तर ओ दुसऱ्याच कोणी दिली.

आमचे तसेच झाले होते. आमचे पत्ते १०ने सुरू होतात. अडलेल्या संगणकांचे १९२.१६८ने होत होते. पत्ता देणाऱ्याची नोंद संगणकाकडे असतेच. तिचा माग काढत वाचनकक्षात पोचलो. तिथे कोणीतरी सोयीसाठी घरचा वायफाय राऊटर भिंतीतल्या जोडणीत लावला होता. घरी करतो तेच काम तो इमानाने करत होता: मागेल त्याला पत्ता. ज्यांना त्याचे उत्तर आधी पोचले, ते त्याच्या मागे गेले.

राऊटर काढला, त्या संगणकांना नवे पत्ते मागायला लावले, सूची उघडली. मूळ नियमावलीत उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही. पहारा आपणच बसवायचा असतो. आता पत्ता देणारी उत्तरे एकाच ठरलेल्या तारेवरून स्वीकारावीत, असे आमच्या स्विचला सांगून ठेवले आहे. त्या विद्यार्थिनीला पत्र लिहून बोलावून घेतले.