कार्यालयीन संगणकाची मंदगती

कार्यालयीन संगणकाची मंदगती : संगणकाला आज्ञा दिल्यापासून तिचे उत्तर पडद्यावर उमटेपर्यंत जो काळ जातो, त्याला प्रतिसादकाल म्हणतात. हा काळ कामाला अडथळा होण्याइतका वाढला, म्हणजे संगणक मंद झाला असे व्यवहारात म्हटले जाते. दोन सेकंदांपेक्षा अधिक खोळंबा झाल्यास काम करणाऱ्याची विचारसाखळी तुटू लागते आणि सु. पंधरा सेकंदांनंतर माणूस व यंत्र यांच्यात संवाद असा उरत नाही, असे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले होते. यंत्रे तेव्हापासून अनेक पटींनी वेगवान झाली. माणसाची सहनशक्ती मात्र तेवढीच राहिली आहे.

या प्रश्नाचे ग्रामीण स्वरूप अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात चांगले दिसते. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा व चौदा तालुक्यांचा हा जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. पूर्वी सातबाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून हाताने लिहून मिळे. ई-फेरफार प्रणालीत अभिलेख दूरच्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असतात आणि २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा आंतरजालावरूनही मिळतो. दप्तर हरवण्याची भीती त्यामुळे कमी झाली. पण पीककर्जासाठी उतारा हवा असलेल्या शेतकऱ्याचा दिवस आता गावातील संगणक, मधली वाहिनी आणि सर्व्हर या तिन्हींवर अवलंबून राहू लागला. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य या तिन्ही ठिकाणच्या दोषांना सरसकट लावले जाते, ही खरी अडचण होय.

दोषाचे स्थान ठरविणे : याकरिता उपकरणे लागत नाहीत. संगणकातच साठविलेली एखादी धारिका उघडून पहावी. तीही रेंगाळत असेल, तर दोष यंत्रात आहे. ती झटकन उघडली, तर त्याच जोडणीवरील दुसऱ्या संगणकावर तेच संकेतस्थळ उघडावे. तेथे ते नीट चालल्यास दोष पहिल्या संगणकाचा किंवा त्याच्या वायरचा असतो. दोन्हींवर एकच संकेतस्थळ अडत असेल व बाकीची चालत असतील, तर दोष बहुधा पलीकडच्या सर्व्हरकडे असतो. सगळीच अडत असतील, तर वाहिनीकडे. ही तपासणी पाच मिनिटांची असूनही ती न करता अधिक वेगाची जोडणी विकत घेणारी कार्यालये पुष्कळ आहेत.

यंत्रातील कारणे : सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपुरी कार्यकारी स्मृती, म्हणजे रॅम. तिची तुलना कारकुनाच्या टेबलाशी व चकतीची दप्तरखान्याशी करता येईल. टेबल लहान असले, की प्रत्येक कागदासाठी उठून दप्तरखान्यात जावे लागते. रॅममधून माहिती मिळण्यास सु. १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या चुंबकीय चकतीवरून सु. १० मिलिसेकंद, म्हणजे एक लक्ष पट. जुन्या यंत्रात रॅम वाढविणे किंवा फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसविणे हा म्हणूनच नवे यंत्र घेण्यापेक्षा कमी खर्चाचा व पुष्कळदा पुरेसा उपाय ठरतो. दुसरे कारण उष्णता. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उन्हाळ्यातील धूळ पंख्यात साचते. प्रक्रियक तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी मंद होत असेल, तर वीज बंद करून पंखा व जाळी साफ करावी. याखेरीज विषाणुरोधक तपासणी आणि अद्ययावतीकरण ही कामे पडद्याआड चालू असतात. ती कार्यालयीन वेळेबाहेर ठेवता येतात. यंत्रे जितकी वेगवान होतात, त्याहून अधिक वेगाने आज्ञावल्या मंद होतात, ही निक्लाउस व्हिर्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेली तक्रार आजही लागू आहे.

वाहिनीतील कारणे : जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो व धारिकेचा आकार मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर १.२५ मेगाबाइट माहिती येते. वाहिनीची रुंदी आणि विलंब या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास, रुंदी कितीही असली, तरी सु. अर्धा सेकंद लागतोच. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरातील डोंगर मोबाइल मनोऱ्याच्या लहरी अडवितात. इमारतीच्या आत जाड दगडी भिंती वाय-फायला तेच करतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ व ११) असल्याने दाट वस्तीच्या बाजारपेठेत शेजाऱ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. ज्या टेबलावर दिवसभर काम चालते, तेथे वायरचीच जोडणी असावी.

सर्व्हरवरील गर्दी : टेलिफोनच्या गर्दीचे गणित डेन्मार्कचे ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडले. त्या परंपरेतील अगदी साध्या प्रतिमानानुसार सेवा देणारे यंत्र निम्मा वेळ व्यग्र असेल, तर कामास एरवीच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के व्यग्र असता दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. खरीप पीक विम्याच्या मुदतीचे अखेरचे दिवस, बहुधा जुलैअखेर, सेवा केंद्रांवर असह्य होतात ते यामुळे. कालपेक्षा आज गर्दी थोडीच जास्त असते, पण खोळंबा कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्याने काही साधत नाही आणि तेच बटण पुन्हापुन्हा दाबल्याने रांगेत नवी मागणी शिरून ती आणखी लांबते. केंद्रचालक कागदपत्रे आधी तपासून ठेवतात आणि पहाटे किंवा रात्री उशिरा अर्ज भरतात, हा अनुभवातून आलेला उपाय या गणिताशी जुळणारा आहे. मात्र मजुरी बुडवून दुपारी आलेल्या माणसाला तो उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी सर्व्हरची क्षमता सरासरी दिवसाऐवजी मुदतीच्या दिवसावरून ठरवावी लागते. ती ठरविणाऱ्यांकडे तक्रार करताना तारीख, वेळ, संकेतस्थळ आणि वरील तपासण्यांचे निष्कर्ष यांची नोंद जोडल्यास दोष शोधणे सोपे जाते.