आईला रायगड दाखवायचा कसा? घरच्यांसोबतच्या पहिल्या सहलीचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'तर'ची गर्दी थोडी कमी केलीय, बाकी सगळं तेच.

आजचा विषय रायगड असला तरी सुरुवात मोरोक्कोपासून झाली. माझी ताई आखातात असते. तिने बेत काढला, की सगळ्यांनी मिळून फेझ हे जुनं शहर बघायचं. व्हिडिओ कॉलवर विमानं, हॉटेलं, सगळं चालू झालं. आई शांतपणे भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, "अगो, फेझ काय ते बघू. पण मला आधी रायगड दाखवा. अडुसष्ट वर्षं माणगावात काढली, तासाभरावर गड, अन् वरती काय आहे ते मला ठाऊक नाही."

कॉलवर दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. कारण आम्ही तिला एकदा नेलं होतं. दहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सकाळी दहा वाजता चित दरवाजातून चढायला सुरुवात केली. महादरवाजापर्यंत कशीबशी पोचली आणि बसली. "तुम्ही जा, मी थांबते" म्हणाली. ती थांबणार म्हणून कोणाचंच मन लागेना. सगळे परत फिरलो. चूक आईच्या गुडघ्यांची नव्हती, आमच्या बेताची होती. तर या वेळी बेत नीट केला, तोच आज सांगतो.

गड म्हणू नका, शहर म्हणा

आपण रायगडला 'गड चढायचा' म्हणून जातो. पण वर आहे ती राजधानी. सहा जून १६७४ ला इथे राज्याभिषेक झाला. राजसभा, राणीवसा, तलाव, देऊळ आणि बाजारपेठ म्हणून ओळखली जाणारी जोत्यांची दुहेरी रांग, असं सगळं डोंगराच्या माथ्यावर पसरलंय. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा जळाला, त्यामुळे आज दिसतात ती मुख्यतः जोती आणि भिंती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे.

याचा बेताशी काय संबंध? गड म्हटलं की आपण सगळा दम चढण्यात घालवतो. शहर म्हटलं की लक्षात येतं, खरं चालणं वर पोचल्यावर सुरू होतं. म्हणजे पायांतली निम्मी ताकद वरच्यासाठी राखायला हवी.

आधी पाय मोजा, मग पैसे

घरात सगळ्यात हळू कोण चालतं? बेत त्याच्यापासून करायचा. पायऱ्या साधारण चौदाशे-पंधराशे आहेत. सवय असलेला माणूस दीड तासात चढतो, लहान मुलं घेऊन दोन-अडीच धरा. दुसरा मार्ग रोपवेचा. हिरकणीवाडीतून निघतो, चार-पाच मिनिटांत वर. १९९६ पासून चालू आहे. यात कमीपणा काही नाही, हे आईला पटवायलाच दोन दिवस गेले. "पाळण्यात बसून देवदर्शन होतं का कधी?" हे तिचं म्हणणं.

आम्ही दोन तुकड्या केल्या. मी आणि दोन्ही पोरं पायऱ्यांनी. आई, बायको आणि काका रोपवेने. रोपवे मेणा दरवाजाच्या बाजूला उतरवतो, तिथून थोड्या पायऱ्या चढून राणीवशात शिरता येतं. पायऱ्यांची वाट महादरवाजातून होळीच्या माळाकडे येते. म्हणून भेटायची जागा ठरवली नगारखाना. फोन लागेलच असं धरून चालू नका, जागा आणि वेळ खालीच ठरवा.

महिना आणि वार

घरच्यांसोबत पहिल्यांदा जाताय तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माथ्यावर सावली जवळजवळ नाही, आणि मे महिन्यात कातळ तापतो. पावसाळ्यात गड देखणा दिसतो हे खरं, पण जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसात पायऱ्यांवरून अक्षरशः नदी वाहिली आणि लोक अडकले होते. जोराच्या पावसावाऱ्यात रोपवेही थांबू शकतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी कराच. सहा जूनच्या आसपास आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. तो सोहळा वेगळा, ही सहल वेगळी.

माणगावहून निजामपूरमार्गे पाचाड हा आपला जवळचा रस्ता. सकाळी सहाला निघा. लांबून येणाऱ्यांना कोकण रेल्वेने माणगावला उतरता येतं. एसटीनेच जायचं असेल तर महाडहून पाचाडकडे गाड्या आहेत.

आणि एक गंमत सांगतो. हा आपला निजामपूरचा रस्ता जुना आहे. राज्याभिषेकाच्या वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन मुंबईहून चौल, अष्टमी, निजामपूर असा मजल दरमजल करत पाचाडला आला. महाराज प्रतापगडला देवीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला खाली थांबावं लागलं. २२ मे ला तो वर गेला. समारंभात दाराशी दोन हत्ती उभे बघून त्याला प्रश्न पडला, हे एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे? साडेतीनशे वर्षांनी माझ्या धाकट्याने तिसऱ्या वळणावर धापा टाकत हेच विचारलं.

काय बघायचं, काय सोडायचं

एका दिवसात सगळं बघायचं नाही. आमची यादी अशी होती: राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर आणि महाराजांची समाधी. बस. टकमक टोक आणि हिरकणी बुरूज वेगळ्या दिशांना आहेत, ते पुढच्या खेपेला.

राजसभेत घाई करू नका. २२० फूट लांब, १२४ फूट रुंद जागा, आणि सिंहासनाच्या ठिकाणी बोललेलं नगारखान्यापर्यंत ऐकू येतं. गर्दी व्हायच्या आत पोचलात तर मुलांना हा प्रयोग करू द्या. इतिहासाच्या दहा पानांपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

बाजारपेठेपासून जगदीश्वरापर्यंत निवांत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. आईसाठी घडीचं स्टूल घेतलं होतं, दर पाच मिनिटांनी ती बसली. देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचा लेख आहे. गडाचं बांधकाम ज्यांनी उभं केलं, त्यांनी आपलं नाव पायरीवर कोरलं. आईने ती पायरी हाताने पुसली आणि पाय न ठेवता बाजूने गेली.

डबा, पाणी आणि पाचाड

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, औषधं, कोरडा खाऊ. वर ताक-सरबत मिळतं, पण त्या भरवशावर राहू नका. प्लॅस्टिक खाली परत आणा. तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

उतरल्यावर पाचाडला थांबाच. जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष तिथे आहेत. गडावरची थंड हवा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधून दिला असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, त्या गेल्या. आई तिथे बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, "बघ, राजालासुद्धा आईच्या तब्येतीप्रमाणे बेत करावा लागला."

आणि फेझ?

ते राहिलंच. ताईला मी आमचं वेळापत्रक पाठवलं. फेझचा जुना भाग १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या गल्ल्यांत मोटार जात नाही. सामान अजूनही खेचरांवरून, गाढवांवरून जातं. चढउताराच्या हजारो बोळांतून पायीच हिंडायचं. म्हणजे गणित तेच: सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायाने दिवस मोजायचा, यादी निम्मी करायची, भेटायची जागा आधी ठरवायची. ताईने सहा दिवसांत चार शहरं धरली होती, आता दोनच ठेवलीत.

आईला विचारलं, येणार ना? म्हणाली, "येईन की. पण तिथे पाळणा आहे का, ते आधी विचारून ठेव."

तुमच्या घरातही कोणीतरी असेल, जे वर्षानुवर्षं गड खालूनच बघतंय. यंदाच्या थंडीत त्यांना वर घेऊन जा. भेटू पुढच्या भागात.