नेमो मूळचा कुठला?

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या उग्र वासात मी वाढलो. समुद्र पहिल्यांदा भेटला तोही त्याच वासात, भा. रा. भागवतांच्या ‘समुद्रसैतान’मध्ये. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोची आणि त्याच्या पाणबुडीची ही संक्षिप्त मराठी गोष्ट मी सहावीत एका रात्रीत संपवली आणि वाचलेल्या पुस्तकांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं : नेमो मूळचा कुठला?

आमच्या भागातल्या घरांत साहसकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. आजोबांच्या पिढीला नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने (1913) वेड लावलं. सिंहगडावर शिकारीला गेलेले नाथमाधव कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर लेखणी हेच त्यांचं साहस झालं. पुढच्या पिढीला भागवतांनी व्हर्न दिला, फास्टर फेणे हा धाडसी बालनायक दिला. 1956 साली राज्याच्या रेषा बदलल्या आणि आमचा भाग आजच्या कर्नाटकात गेला, पण बेळगावच्या 1848 पासूनच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी आमचं मराठी वाचन तुटू दिलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात व्हर्न अखेर पूर्ण वाचला, इंग्रजी अनुवादातून. ‘समुद्रसैतान’ची मूळ कादंबरी 1870 ची; तीत नेमोचा देश गुलदस्त्यातच राहतो. व्हर्नला तो पोलंडचा बंडखोर करायचा होता, पण प्रकाशक हेत्झेल यांनी नकार दिला. उत्तर मिळतं ते पुढच्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. व्हर्न त्याचं नातं थेट टिपू सुलतानाशी जोडतो. इतिहासाला ते मान्य नाही, पण कर्नाटकात बसून ते वाचताना मी थबकलो. 1857 च्या लढ्यात हरलेला, बायकामुलं गमावलेला हा माणूस. लहानपणी त्याचा राग तेवढा दिसला होता. त्यामागचं दुःख आत्ता दिसलं.

याच कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे. बेटावर अडकलेल्यांपैकी हर्बर्ट या मुलाच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. इंजिनिअर सायरस स्मिथ हिशोब मांडतो : एका दाण्याच्या दहा ओंब्या, ओंबीत ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला 800 आणि दुसऱ्याला 6,40,000. मग तो दाणा पेरतात आणि जिवापाड जपतात. बियाणं घरात जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये वाढलेल्या माणसाला हे पान पाणबुडीइतकंच थरारक वाटतं.

संक्षिप्त पुस्तकांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनीच गोडी लावली. पण साहसामागचे कष्ट आणि जखम पूर्ण पुस्तकातच भेटतात. लहानपणी आवडलेलं पुस्तक मोठेपणी पूर्ण वाचावं, ते यासाठी.

जुनी वही ट्रंकेत सापडली. पेन्सिलीचा प्रश्न पुसट झाला होता. त्याखाली शाईने लिहिलं : बुंदेलखंड.