खोट्या इशाऱ्याचे काय करावे?

‘लांडगा आला रे आला’ अशी रोज खोटी हाक मारणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मुलाने हाका मुद्दाम मारल्या होत्या. यंत्राला लबाडी ठाऊक नसते, तरीही यंत्र खोटी हाक मारू शकते. संगणकाच्या जगात असा एक राखणदार आहे. त्याला लिंटर म्हणतात.

संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. कंपायलर हा आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. लिंटर रूपांतर करीत नाही. आज्ञावली न चालविता ती केवळ वाचतो आणि संशयास्पद जागा दाखवितो. ‘सी’ या भाषेसाठी असा पहिला तपासनीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी तयार केला. त्याचे वर्णन करणारा त्यांचा लेख १९७८ सालचा आहे. कपड्याला चिकटलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. तसे आज्ञावलीला चिकटलेले दोष टिपणारा म्हणून त्याचेही नाव लिंट!

गुण सर्वांना ३५

एक उदाहरण घेऊ. सी भाषेत ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘ही किंमत दे’ असा होतो. दोन किमती समान आहेत का हे पाहण्यासाठी ‘==’ असे दुहेरी चिन्ह लागते. समजा, नेमके ३५ गुण मिळविणारे विद्यार्थी शोधायचे आहेत आणि कोणी घाईत लिहिले :

जर (गुण = ३५)

आता प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण पुसले जाऊन तेथे ३५ येतील आणि अटही नेहमी खरी ठरेल! भाषेच्या नियमांप्रमाणे हे वाक्य शुद्ध असल्याने कंपायलर ते स्वीकारील. लिंटर मात्र इशारा देईल.

पण हाच नियम येथे पाहा :

जोवर (अक्षर = पुढचे अक्षर)

येथे पुढचे अक्षर वाचून साठवायचे आणि ते शून्य नसेल तोवर काम चालू ठेवायचे, असा लेखकाचा खराच हेतू आहे. तरीही इशारा येतो. हा झाला खोटा इशारा. त्यावर जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये एक सोपा तोडगा आहे : भोवती आणखी एक कंस घालावा. ‘हे मी जाणूनबुजून लिहिले आहे’ असाच त्या जादा कंसाचा अर्थ होतो.

ओळी आणि वाटा

आता जरा अवघड प्रश्न पाहू. किंमत देण्यापूर्वीच एखादी राशी वापरली आहे काय, हे कसे ओळखावे? जॉन्सन यांच्या लिंटची रीत साधी होती. राशीचा पहिला वापर तिला प्रथम किंमत देणाऱ्या ओळीच्या वर दिसला, की इशारा द्यायचा. आता या चार ओळी वाचा :

१. ओळ ३ वर जा.
२. बेरीज छाप आणि थांब.
३. बेरीज = ०
४. ओळ २ वर जा.

संगणक १, ३, ४, २ या क्रमाने जाईल व शून्य छापील. चूक काहीच नाही; पण कागदावर ओळ २ ही ओळ ३ च्या वर असल्याने इशारा मिळेल. निर्दोष आज्ञावलीबद्दलही अशी तक्रार होऊ शकते, हे जॉन्सन यांनी आपल्या लेखात स्पष्ट लिहिले होते.

हा दोष काढायचा, तर ओळींचा क्रम सोडून आज्ञा ज्या वाटांनी जातात त्यांचा नकाशा काढावा लागतो. तरीही सर्व खोटे इशारे संपत नाहीत. ‘पाऊस पडला असेल तर माप घे’ आणि पुढे ‘पाऊस पडला असेल तर माप छाप’ अशा दोन अटी असल्या, तर नकाशावर चार वाटा दिसतात. त्यांपैकी ‘माप न घेता छापले’ ही वाट प्रत्यक्षात अशक्य आहे. हे कळण्यासाठी लिंटरने पहिली अट लक्षात ठेवली पाहिजे.

मग अशा सुधारणा करीत खोटे इशारे शून्यावर आणता येतील का? खरे दोष एकही न सोडता तसे करणे शक्य नाही. कोणतीही आज्ञावली कधी तरी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या इतर प्रश्नांनाही हीच मर्यादा लागू आहे, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये दाखविले. म्हणून प्रत्येक तपासनिसाला एक निवड करावी लागते : काही दोष निसटू द्यावेत, की काही खोट्या हाका सोसाव्यात?

हाक बंद करण्याचा धोका

खोटा इशारा घाईने बंद करणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ओपनएसएसएल या आज्ञासंचात गुप्त किल्ल्यांसाठी यादृच्छिक, म्हणजे कोणालाही अंदाज करता येऊ नये अशा, संख्या तयार होतात. व्हॅलग्राइंड हा तपासनीस आज्ञावली चालवून तिच्यावर लक्ष ठेवतो. किंमत न दिलेली स्मृती येथे वापरली जात आहे, अशी त्याने तक्रार केली. तो वापर निरुपद्रवी होता. तक्रार थांबावी म्हणून २००६ मध्ये डेबियन या प्रणालीत दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच होत्या. पण त्यांतील एक ओळ यादृच्छिकतेची खरी सामग्री मिसळत होती! त्यामुळे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारच उरल्या. एवढ्या किल्ल्या सहज तपासून पाहता येतात. मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि असंख्य किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या.

यावरून दुरुस्तीची योग्य रीत ध्यानात येते. प्रथम खोटा इशारा देणारे शक्य तितके लहान उदाहरण तयार करावे. मग लिंटरला कोणती गोष्ट कळली नाही ते शोधावे. नियम तेवढ्यापुरताच बदलावा. शेवटी दोन प्रकारची उदाहरणे तपासावीत : निर्दोष उदाहरणावर लिंटर गप्प राहिला पाहिजे आणि सदोष उदाहरणावर तो पूर्वीसारखाच ओरडला पाहिजे. यांतील दुसरी तपासणी अनेकदा राहून जाते. आणि ओरडणेच विसरलेला राखणदार खोटी हाक मारणाऱ्या राखणदाराहून अधिक घातक असतो.