यावलहून दोनापावला : समुद्रविज्ञानाची एक वाट

बारावी सायन्स झालं की आपल्या यावल-फैजपूरकडच्या घरांत दोनच नावं निघतात : डॉक्टरकी, नाही तर फार्मसी. 'नीट'मध्ये मार्क कमी पडले की मुलगी बी.एस्सी.ला जाते, झूलॉजी घेते आणि घरात प्रश्न येतो, "याचं पुढे काय?" त्याचं एक उत्तर समुद्रात आहे.

केळीच्या बागांच्या तालुक्याचा समुद्राशी काय संबंध, असं वाटेल. पण आपली तापी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते. आणि मरहूम डॉ. सय्यद जहूर कासिम तरी कुठे समुद्रकाठचे होते? १९२६ साली अलाहाबादेत त्यांचा जन्म झाला. अलीगढला प्राणिशास्त्र शिकून वेल्समध्ये त्यांनी पीएच.डी. केली. पुढे ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केलं. २१ जणांचं ते पथक ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचलं. नंतर कासिमसाहेब जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले.

शिकायचं कुठे?

बारावीनंतरची सरळ वाट म्हणजे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी, बी.एफ.एस्सी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत आहे. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच असतं.

बी.एस्सी. झूलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी करणाऱ्यांनी एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठाच्या सागरी विज्ञान शाखेची माहिती घ्यावी. इंटर्नशिप आणि प्रकल्पासाठी दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६, मुंबईतही केंद्र), कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था ही मोठी ठिकाणं आहेत. शिवाय देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन आणि रेल्वेभाडं. दिवाळीपासूनच त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा.

काम काय असतं?

बारीक जाळीने पाण्यातले प्लवक गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे, पाण्यातला क्षार आणि प्राणवायू तपासायचा, रोजची नोंद ठेवायची. काम चिकाटीचं आहे. त्याचा सराव इथेही होतो. हतनूर धरणाच्या पाण्याचे नमुने, बाजारात येणाऱ्या मासळीची महिनावार यादी, असा छोटा प्रकल्प कॉलेजच्या सरांच्या देखरेखीखाली केला, तर अर्जात लिहायला स्वतःचं काही असतं.

अर्ज करताना

आधी संस्थेच्या वेबसाइटवर शास्त्रज्ञांचे विषय वाचा आणि आपल्याला जमेल असा एक निवडा. एका पानाचं पत्र, गुणपत्रिका आणि प्राचार्य किंवा विभागप्रमुखांचं शिफारसपत्र जोडा. परीक्षेच्या तोंडावर नको, चार-सहा महिने आधी लिहा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या शास्त्रज्ञांना लिहा. 'पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या' म्हणणाऱ्या एजंटांपासून मात्र दूर राहा. प्रवेशाची खातरजमा थेट संस्थेकडून करा.

अम्मी-अब्बांसाठी दोन शब्द

मुलीला इतक्या लांब कसं पाठवायचं, ही काळजी खरी आहे. ती बाजूला सारू नका, पण तिच्यावरच थांबूही नका. राहण्याची सोय संस्थेत आहे की बाहेर करावी लागेल, विद्यावेतन मिळेल की खर्च आपला, जहाजावर जावं लागेल की काम प्रयोगशाळेतच, हे अर्जाच्या वेळीच विचारा. बरंचसं काम प्रयोगशाळेतच चालतं. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट गोव्याला जाते, मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीवरून. पहिल्या खेपेला अब्बांनी सोबत जावं, जागा बघावी, तिच्या मार्गदर्शकांना भेटावं.

नोकरीची हमी या वाटेवर कुणी देत नाही. संशोधनात नाव व्हायला वर्षं लागतात. पण दोन महिन्यांत मुलीला स्वतःलाच कळतं, हे काम आपलं आहे की नाही. तेवढी संधी तिला जरूर द्यावी.